दिनू, तुझा रॉड सापडला

चांदूर बाजार,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय दिनू,

तुझा रॉड सापडला.

फोनवर सांगितलं असतं तर "असं का" म्हणून तू लगेच नातीच्या शाळेकडे वळला असतास, आणि मला हे सगळं सलग सांगायचं आहे. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेव, जाड पाकीट येतंय.

इकडे सगळे बरे. माझी शुगर आहे तिथंच आहे. शालूचा गुडघा दुखतो, पण ती बोलत नाही. सोयाबीन घरात आलं, भावाचं विचारू नको. आंबियाची संत्री अजून झाडावर आहेत. व्यापारी येतो, बगीचा फिरतो, चहा पितो आणि आकडा न बोलता जातो.

तर रॉड, तू गाडी ओढायला केलेला. पोती ठेवायला गोदामाचा मागचा कोपरा मोकळा करत होतो. जुन्या बारदान्याखाली हात घातला आणि न बघताच कळलं काय आहे ते. रेड ऑक्साइड जागोजागी उडालंय, पण डाव्या कानावर तू वेल्डिंगच्या थेंबांनी काढलेला 'दि' अजून बोटाला लागतो. दोन्ही पाय सरळ, पिनेचं भोक गोल. परतवाड्याचं आपलं गॅरेज बंद झालं, तू पुण्याला गेलास, मी संत्र्यात रमलो, आणि हा आपला तिथंच पडून होता.

घटांगच्या उतारावरचं ते भांडण तू विसरला असशील तर आठवण करून देतो. ठेकेदाराची जीप बंद पडलेली, आपण आणायला गेलो, आणि तू म्हणालास, "दोर पुरे, बापजाद्यांनी दोरानंच ओढलं." मी म्हणत होतो की चढावर दोर ठीक, उतारावर मागची गाडी पुढचीवर धावून येते, दोर सैल पडतो आणि मग हिसका बसतो. तू ऐकलं नाहीस. दोर तुटला आणि त्याचं टोक काचेवर येऊन बसलं. होळीपर्यंत आपण बोललो नाही. मग एके सकाळी काही न बोलता तू हा रॉड माझ्या पायापाशी टाकलास आणि चहा सांगायला गेलास. कल्पना माझी, वेल्डिंग तुझं. आता या वयात एवढं तरी मान्य करून टाक.

तो मला परत कशाला हवा, ते सांगतो.

शालूला मेळघाटात जायचं आहे. दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन कॉफी पिऊन येणं वेगळं. तिला सेमाडोह, हरिसाल आणि आत हतरूकडे, तिच्या आरोग्य उपकेंद्राच्या गावांत, थंडीभर राहायचं आहे. १९९३ साली कुपोषणाच्या बातम्या आल्या तेव्हा बाहेरून गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, तुला आठवतं. ही त्याआधीपासून तिथं पायी फिरत होती. जिच्या जन्माच्या वेळी हिनं कंदील धरून रात्र काढली, ती पोरगी आता दोन लेकरांची आई आहे, आणि बाजारात भेटली की विचारते, "सिस्टरबाई, कधी येता?" रिटायर झाल्यापासून ही "येते" म्हणतेय. कधी संत्र्याचा बहार, कधी निखिलचं लग्न, कधी माझं काहीतरी. यंदा मी शब्द दिला.

राहायचं कुठं? रेस्ट हाऊस महिनाभर कोण देतो? गावात कुणाच्या घरी राहिलं तर ते आपली खाट आपल्याला देऊन स्वतः अंगणात झोपतात, ते शालूला नको. म्हणून आपल्या टाटा ४०७ ट्रकवर घर केलं. हसू नको, बघशील तेव्हा बोलशील. अँगलची चौकट, प्लाय, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा. आत दोघांची झोपायची फळी, खाली कपड्यांचे खण, दोन शेगड्या, पाण्याची टाकी. चारही कोपऱ्यांना जॅक आहेत. ते लावून घर वर उचललं की ट्रक खालून बाहेर काढता येतो आणि घर आपल्या पायांवर उभं राहतं. मी बॉडीवाल्याच्या शेडमध्ये बसून एकेक रिव्हेट मारून घेतलाय. खिडकी शालूनं सांगितली त्या उंचीवर आहे, बसल्या जागेवरून बाहेर दिसेल अशी.

पण ४०७ घर घेऊन सेमाडोहपर्यंत जाईल, फार तर हरिसाल. पुढे नाल्यातून, दगडांतून, बैलगाडीच्या चाकोरीतून ती जाणार नाही, आणि रोज घर उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. तिथं आपली जिप्सीच पाहिजे. जिप्सी टकाटक आहे. पुनर्नोंदणी करून घेतली, कार्ब्युरेटर साफ केला, हूड नवा टाकला.

म्हणजे ट्रक पुढे आणि जिप्सी मागे, चारही चाकांवर, तुझ्या रॉडला. शालूचा भाचा कॅनडात आहे, त्याच्याकडे हे सर्रास चालतं. पिकअपच्या हौद्यात घर ठेवायचं आणि मागे छोटी फोर बाय फोर लावायची. आपल्या जिप्सीची सख्खी बहीण, ती सुझुकी सामुराई, तिकडे लोक घरगाड्यांमागे अशीच ओढायचे. का, ते तुला सांगायला नको. ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद दोन चाकांना की चारही चाकांना ते ठरवणाऱ्या पेटीला, न्यूट्रल आहे ना! टू एच, फोर एच आणि मग एन. लिव्हर एनवर, पुढचे हब फ्री, किल्ली स्टिअरिंगचं लॉक सुटेल एवढीच फिरवलेली. चाकं फिरतात, इंजिन आणि गिअरबॉक्सला पत्ता नाही. फक्त एवढंच की एनवर असतानाही मागच्या चाकांमुळे मागचा जॉइंट, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, फिरतो आणि त्याच्याबरोबर ट्रान्सफरचा मागचा शाफ्टही, आणि बाकीचे गिअर थांबलेले असल्यानं तेल हवं तसं उडत नाही. लांब जायचं तर मागचा जॉइंट खोलूनच टाकावा, असं माझं मत. चार बोल्ट, त्यात काय. सलीम मिस्त्री म्हणतो गरज नाही. तू काय म्हणतोस ते लिही.

मग पांदणीवर करून बघितलं. आपलीच पांदण, दोन्ही बाजूंनी आपलंच शेत. आधी निखिलला जिप्सीत बसवलं, मग रिकामी. रॉड सपाट बसला पाहिजे म्हणून ४०७ च्या मागे खाली उतरती प्लेट लावून घेतली. तिरपा रॉड असला की ब्रेक मारल्यावर मागची गाडी पुढचीच्या खाली शिरायला बघते. ते तुला माहीतच आहे. रॉडच्या खालून दोन साखळ्या, एकमेकींना छेद देऊन, म्हणजे पिन निसटली तरी रॉडचं टोक जमिनीला न लागता साखळ्यांच्या फुलीवर पडेल. मागच्या दिव्यांची वायर ओढून घेतली. घरामुळे आरशात मागचं काही दिसत नाही, म्हणून निखिलनं मागे कॅमेरा लावला आणि पडदा शालूच्या समोर बसवला.

दिनू, हे फक्त तुलाच कळेल म्हणून लिहितोय. पडद्यात जिप्सी येत होती. काचेआड कोणी नाही. पांदण आंब्यापाशी डावीकडे वळते तिथं मी ट्रक वळवला, आणि मागे जिप्सीचं स्टिअरिंग क्षणभर थांबून आपलं आपण डावीकडे फिरलं, आणि वळण संपल्यावर तसंच हळूच सरळ झालं. कॅस्टरमुळे होतं ते, मला माहीत आहे. ओढली की पुढची चाकं ओढीच्या रेषेत स्वतःच येतात. पण इतकी वर्षं त्या जागेवर, ओढल्या जाणाऱ्या गाडीत, तू बसलेला पाहिलाय मी. इंजिन बंद, बूस्टर नाही म्हणून ब्रेकचं पेडल दगड, आणि तू दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आरशात माझ्याकडे डोळे वटारतोयस. शालू पडद्याकडे बघत म्हणाली, "दिनूभाऊच बसले असल्यावानी वाटते. वळाच्या आंधी विचार करून रायले."

आम्ही आंब्याच्या सावलीत ट्रक थांबवून बराच वेळ बसलो. मला तुझी फार आठवण आली. एवढंच.

रिव्हर्सचं मात्र तू म्हणायचास तेच खरं. विहिरीपाशी जेमतेम दोन हात मागे घ्यायचं होतं, तेवढ्यात पुढची चाकं पूर्ण लॉकला गेली आणि रॉड कण्हला. कॅस्टर उलटा चालतो ना तेव्हा. सोडल्याशिवाय मागे जाणं नाही. म्हणजे समोरून एसटी आली आणि घाटात जागा नसली तर उतरा, पिन काढा, जिप्सी चालू करा, बाजूला घ्या.

आता मुद्द्यावर येतो. हे रस्त्यावर चालत नाही.

निखिलनं नियम काढून दिले. मोटार वाहन चालन विनियम, २०१७. त्याआधीचे १९८९ चे होते, त्यातही जवळपास हेच. बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत ओढता येते. धडधाकट गाडी सोयीसाठी मागे बांधून नेता येत नाही. आणि ओढताना मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन असलेला माणूस पाहिजे, नाहीतर तिची पुढची चाकं उचललेली पाहिजेत. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागे 'ऑन टो'चा बोर्ड. मी वाचलं आणि मला नियमाचा राग आला नाही. ज्यानं लिहिलं त्यानं घाट पाहिलेला आहे. तिकडे भाच्याच्या देशात बऱ्याच ठिकाणी ठरावीक वजनाच्या वर मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतोच. पेडलवर एक यंत्र बसवतात, पुढच्यानं ब्रेक मारला की ते मागचं पेडल दाबतं, आणि रॉड तुटला तर एक वायर ओढली जाऊन मागची गाडी आपली आपण थांबते. आपल्याकडे ते कुठून आणणार? जिप्सी म्हणजे टनभर वजन. घटांगच्या उतारावर घराचं ओझं घेतलेली ४०७, आणि वरून हा टनभर धक्का मागून ढकलतोय. ब्रेक तापून वास आला की पुढे काय होतं ते तू मी दोघांनी दरीत बघितलेलं आहे. आणि मागच्याचं टायर पंक्चर झालं तर पुढच्याला कळतसुद्धा नाही, रबराचा धूर निघेपर्यंत.

म्हणून रिकामी जिप्सी मी डांबरी रस्त्यावर नेणार नाही. हे पक्कं. निखिल म्हणतो, "बाबा, कोण अडवतंय तिकडे?" मी त्याला सांगितलं की अडवणाऱ्याचा प्रश्नच नाही. घाटात खालून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये लेकरू येत असतात.

मग तू म्हणशील, एवढंच ना, वहिनी जिप्सी चालवतील आणि तू ट्रक. शालूला जिप्सी तुझ्यापेक्षा चांगली येते. पण मी हे बोललो तेव्हा ती काय म्हणाली ते ऐक. "इतके वर्स तुमी गॅरेजात अन् मी मेळघाटात. आता जाऊन रायलो तं तुमी फुडच्या गाडीत अन् मी मांगच्या? मंग जाता कायले?" आणि उठून कणसं सोलायला गेली.

मला उत्तर सुचलं नाही, दिनू. कारण मलाही तेच हवं आहे. ती बाजूला बसलेली असावी, डबा तिच्या मांडीवर असावा, सिपना दिसली की तिनं "थांबवा" म्हणावं आणि मी थांबवावं. ती तिकडे होती तेव्हा मी शनिवारी शेवटच्या गाडीनं जायचो आणि सोमवारी पहाटे परत यायचो, त्या प्रवासातसुद्धा ती कधी सोबत नव्हती. त्या रस्त्यावरून आम्ही दोघं मिळून एकदाही गेलेलो नाही. आणि आता जातोय तर तिला मी आरशात बघत जाऊ? इंजिन बंद गाडीत, कडक पेडलवर तो दुखरा गुडघा ठेवून, मागे रॉडला बांधून तर नाहीच नाही.

ट्रेलरचं बघितलं. त्याची वेगळी नोंदणी, शिवाय जिप्सी अधिक ट्रेलर म्हणजे ओझं आणखी वाढलं. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्यानं सेमाडोहपर्यंतचा जो आकडा सांगितला त्यात संत्र्याच्या दोन खेपा जातील. जिप्सी आधी तिथं नेऊन ठेवावी म्हटलं, तर बसनं परत या, मग ट्रकनं जा. आणि तोवर गाडी कुणाच्या दारात उभी, पोरं हूडवर चढणार.

निखिलला विचारलं. तो येईल, पण त्याचं काम, त्याची सुट्टी, आणि सूनबाईला दिवस गेलेत. हो, हे सांगायचं राहिलंच, मी आजोबा होणार आहे. शालू म्हणते मेळघाटातून बाळंतपणाच्या आधी परत यायचंच. वहिनींना सांग.

आता रॉडबद्दल, हे नीट वाच. पांदणीवरून आल्यावर मी तो खोलला आणि आपल्या जुन्या पद्धतीनं तपासला. घासून साफ केला, रॉकेल लावलं, तासभर ठेवलं, कोरडा पुसला आणि सगळ्या जोडांवर खडू घासला. सगळे जोड पांढरे राहिले. फक्त डाव्या कानाच्या मुळाशी, तुझ्या 'दि'च्या जरा खाली, खडूवर एक ओली रेघ उठली. केसाएवढी, नखाएवढ्या लांबीची. उन्हात नेऊन भिंग लावून पाहिली. रेघ वेल्डिंगमध्ये नाही, वेल्डिंगच्या कडेला पाइपात आहे. म्हणजे तुझा जोड धरून आहे, लोखंड थकलं. सलीम म्हणाला, ग्राइंडर मारून वरून एक पास देतो. मी त्याला हात लावू दिला नाही.

तुझं काय मत? पाइप तिथून कापून नवा कान लावावा, की तसाच ठेवून नवा रॉड करावा? बंद पडलेली गाडी ओढायला रॉड लागणारच आहे, तिथं आत फोनला रेंज नाही आणि मदत यायला दिवस जातो. जिप्सी बंद पडली तर ट्रकला बांधू, स्टिअरिंगवर माणूस बसवून, नियमाप्रमाणं, हळूहळू. माझा कल नव्या रॉडकडे आहे, पण तो तूच करावास असं वाटतं. वेल्डिंगचं मशीन माझ्याकडे आहे. वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या ठेवल्यात.

म्हणून विचारतो, येतोस का? दिवाळी पुण्यात कर, मुलाचं मन राहू दे, आणि मग ये. जिप्सी तू चालवायचीस, सेमाडोहपर्यंत. इंजिन चालू, बूस्टर चालू, कोणी ओढणार नाही, तक्रार करायला जागा नाही. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणालास, तेव्हा आता दिसत असेलच. घराच्या बाहेर तुझ्यासाठी खाट आणि मच्छरदाणी आहे. शालू म्हणते आत झोपवू, मी म्हणतो त्याचं घोरणं पत्र्यात घुमेल. आठवडाभर राहा. हतरूकडे एक चक्कर जिप्सीतून तिघं मिळून मारू, शालूला तिच्या गावांत सोडू आणि आपण नाल्यावर बसू. मग मी तुला परतवाड्याला एसटीत बसवून देतो. परतीला निखिल जिप्सी घ्यायला येईल, तेवढी सुट्टी त्यानं कबूल केलीय.

शालूला हा बेत सांगितला तर ती म्हणाली, "दिनूभाऊ येत असन तं मस्तच. पन मी कोनत्या गाडीत बसन, थे मी घाटाच्या पायथ्याशी ठरवीन."

तुझ्याकडचं लिही. वहिनींचं बीपी, मुलाची नवी नोकरी, नातीला शेवटी कोणती शाळा मिळाली, सगळं. फ्लॅटचे हप्ते संपले का? त्या बिल्डरशी तुझं जे चाललं होतं ते मिटलं का?

तारीख कळव, म्हणजे मी पाइप आणून ठेवतो. दीड इंची, जाड गेजचा, बरोबर ना?

तुझा,
वसंता

ता. क. १४-१५ चा रिंग पाना तुझ्याकडे आहे. तो माझा आहे. येताना घेऊन ये, मागच्या जॉइंटला लागेल.